या वेळी कितव्या पानावर?

वर्नानं कागदांची चळत कोटाच्या आतून काढली आणि एल्डनच्या पलंगावर ठेवली. पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती, म्हणून कोरडी राहिली. वर्ना स्वतः मात्र निथळत होती. ओरेगॉनच्या या किनाऱ्यावर धुकं असं उतरतं की त्यापेक्षा पाऊस परवडला, आणि ही बाई उघड्या डोक्यानं आली होती.

"वर्नाआंटी, टोपी कुठाय तुमची?" एल्डनची मुलगी नोरीन टॉवेल घेऊन धावत आली. "न्यूमोनिया करून घ्यायचाय का या वयात?"

"राहिली गं घाईत."

"घाई कसली?" उशांच्या ढिगाऱ्यातून एल्डन म्हणाला. "मी काय पळून चाललोय?"

आता इस्पितळात आणण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्याचा पलंग खिडकीशी आणून ठेवला होता. खिडकीबाहेर समुद्र असायला हवा होता. आज नुसताच पांढुरका उजेड होता आणि त्यातून मधूनमधून जहाजांना इशारा देणारा धुक्याचा भोंगा वाजत होता. घर जमिनीवर आहे की कुठे तरंगतंय, हेच कळत नव्हतं.

"कितव्या पानावर?" एल्डननं विचारलं.

"आधी ऐक तरी."

हा प्रश्न फार जुना होता. दोघं ऐन विशीत, स्वस्त मासिकांतून ताऱ्यांच्या गोष्टी लिहीत होते, तेव्हापासूनचा. एल्डन स्पॅफर्डनं एका कथेत अंतराळयानावरची खडूस स्वयंपाकीण घातली, तिचं नाव ठेवलं वर्ना हॅल्वर्सन आणि दिली तिला शेवाळाला खायला. ओळखीपाळखीच्यांची नावं पात्रांना द्यायची या लेखकांची रीतच आहे, त्यामुळे रागावायचं कारण नव्हतं. वर्ना रागावली नाही. तिनं पुढच्याच महिन्यात एल्डन स्पॅफर्ड नावाच्या आगाऊ कारकुनाला यानाच्या दारातून बाहेर ढकलून दिलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एकाचं पुस्तक आलं की त्यात दुसऱ्यानं मरायचं. तो चंद्रावरच्या धुळीत बुडाला. त्यानं स्वतःला दोनशे वर्षांसाठी गोठवून घेतलं, तर झाडूवाल्यानं आपलं यंत्र लावायला त्याचाच प्लग काढला. ती स्वतःच्याच यंत्रमानवाच्या भाषणानं कंटाळून मेली. नियम दोनच होते: तेच मरण पुन्हा द्यायचं नाही आणि दया दाखवायची नाही. संमेलनांत वाचक कॉफीच्या पैजा लावत, या वेळी मरण कितव्या पानावर म्हणून. मध्ये दोघांची लग्नं झाली, जोडीदार गेले, एका पुरस्कारावरून दोघांनी वर्षभर अबोला धरला. त्या वर्षी तर दोघांनी एकमेकांना जरा जास्तच चवीनं मारलं.

वर्नानं चष्मा पुसला आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. एल्डन स्पॅफर्ड या खेपेला दिवेवाला होता. माणसांच्या वस्तीच्या अगदी टोकाला, जिथून पुढे तारेसुद्धा विरळ होत जातात, तिथे तो एक दिवा सांभाळत बसलेला. यानं येणं कधीचं बंद झालंय. हा आपला रोज काच पुसतो, दिवा लावतो आणि नवशिक्यांना शिकवायचे नियम भिंतींना म्हणून दाखवतो. वर्नाचा आवाज जुना झाला होता पण वाचायची लय तीच होती. भोंगा वाजला की ती थांबे आणि मग तो त्या गोष्टीतलाच वाटे. स्वयंपाकघरातून नोरीनच्या शिंपल्यांच्या सूपचा वास येत होता.

"काच पुसून त्यानं दिवा लावला," वर्नानं वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"मग?"

"संपलं."

"संपलं काय? मी मेलो कुठंय?"

"नाही मेलास."

एल्डनच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "दया दाखवलीस," तो म्हणाला. "लाज नाही वाटली? इतक्या वर्षांनी? त्यापेक्षा एखादं फुलांचं कार्ड आणायचंस!"

"बाबा, हळू," नोरीन दारातून म्हणाली.

"हळू काय! ही बाई मला जिवंत सोडून जातेय!"

वर्नाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. तिनं नोरीनच्या टॉवेलात तोंड खुपसलं. "तीनदा लिहिलं रे. तीनदा फाडलं. मी लिहीन आणि इकडे तू..." तिनं टॉवेल खाली घेतला. "जन्मभर विज्ञानावर पोट भरलं, आणि आता बघ, म्हातारी टंकयंत्राला हात लावायला घाबरते."

एल्डनची बोटं आता टंकयंत्रावर चालत नव्हती, चमचाही धरवत नव्हता. ती त्यानं सरपटवत तिच्या मनगटापर्यंत आणली.

"वेडे, मी तसाही जाणार आहे," तो म्हणाला. "तुझ्या हातून गेलो तर जरा बरा तरी जाईन. आणि ते मला ऐकायचंय. छापून येईपर्यंत मी काही टिकत नाही. चल, सांग."

"आत्ता?"

"नाही, नाताळात. आत्ताच, बये!"

वर्नानं नाक पुसलं. खिडकीतल्या पांढऱ्याकडे बघत तिनं सुरुवात केली. "एक दिवस काच पुसताना त्याला लांब एक ठिपका दिसतो. डाग असेल म्हणून तो पुसतो. जात नाही."

"यान."

"मध्ये बोलू नकोस. यान. इतक्या वर्षांनी. दिवा बघून वळलेलं. त्याला काय करू आणि काय नको असं होतं. तो शर्ट बदलतो. कॉफी ठेवतो..."

"भव्य होत चाललंय," एल्डन कुरकुरला. "तुझ्या पुस्तकात मी कधी भव्य मेलोय? हसं झालं पाहिजे माझं."

वर्ना अडली. तिच्या केसांतलं पाणी मानेवरून खाली ओघळलं. तिनं हात लावून ते पुसलं आणि हात तिथेच राहिला.

"तो दार उघडून धावत सुटतो," ती सावकाश म्हणाली. "हात हलवत. जन्मभर सगळ्यांना नियम शिकवणारा माणूस. आणि घाईत अंतराळपोशाखाचं शिरस्त्राण घालायचं विसरतो."

एल्डन हसायला लागला. इतका हसला की खोकला लागला, नोरीन पाणी घेऊन आली, आणि पाणी पितापिताही तो हसतच होता. "शिरस्त्राण विसरला! गाढव!" त्यानं डोळे पुसायचा प्रयत्न केला, ते वर्नानं पुसले. "कितवं पान?"

"शेवटचं."

"म्हणजे पहिल्यांदाच शेवटपर्यंत टिकलो." तो समाधानानं उशीवर टेकला. "लिहून टाक. विसरशील."

तिनं त्याच कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं. या वेळी हात अडला नाही. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि मी? तू लिहीत होतास त्या पुस्तकात मी कशी मेले?"

"अर्धंच राहिलं ते."

"पण कुठवर आले होते मी?"

एल्डनचे डोळे मिटत चालले होते. "यानात बसलीयस. निघालीयस एवढंच लिहून झालं. कुठे पोचतेस ते मला सुचलंच नव्हतं. आत्ता तू त्या दिव्याचं सांगेपर्यंत."

बाहेर भोंगा वाजला. वर्ना पेन्सिल हातात धरून बसून राहिली. त्याच्या पुस्तकांत कितीदा मेली होती ती, आणि आता तिला मारणारं कुणी उरणार नव्हतं. नोरीननं सुपाचा वाडगा आणून तिच्यासमोर ठेवला, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"म्हणजे तूही नियम मोडलास," ती शेवटी म्हणाली.

"हं." त्याला झोप लागली असं वाटलं. पण थोड्या वेळानं डोळे न उघडता तो म्हणाला, "वर्ना, तू काही घाई करू नकोस. सावकाश ये."

"बरं."

"आणि जाताना नोरीनची टोपी घालून जा."