कोरड्यातली होडी

दोरीचं एक टोक फाटकाच्या कडीला बांधून मंदाकिनीबाई पोर्चची लांबी मोजत मागे मागे सरकत होत्या. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, मग दुसरा. अकरा हात झाले तेव्हा पाठ भिंतीला टेकली. होडी साडेनऊ हातांची. ते त्यांना मोजण्याआधीच ठाऊक होतं. होडी याच पोर्चमध्ये तयार झाली होती. पण समोर खुर्चीत बसलेल्या बाईला दिसावं म्हणून त्या मोजत होत्या.

"मावते की," त्या म्हणाल्या. "तुळस तेवढी हलवावी लागेल. तुळशीचं काही नाही. ती माझं ऐकते."

खुर्चीतली बाई, सुचेता, कोलार रोडहून दोन बसगाड्या बदलून सोनागिरीला आली होती. शाळेतून नुकतीच रिटायर झालेली, आखूड केस, पायात नाडीचे बूट. सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती मंदाकिनीबाईंच्या नवऱ्याबरोबर मोठ्या तलावात शिडाची होडी चालवत होती. अशा होडीला दोन माणसं लागतात, एक सुकाणूला आणि एक शिडाच्या दोरीला, असं प्रभाकररावांनी घरात सांगितलं होतं. आधी त्यांनी बायकोलाच विचारलं होतं. "मला काय मासे धरायचेत?" असं त्या म्हणाल्या होत्या. दुसरं माणूस बाई आहे हे मग त्यांना तीन महिन्यांनी कळलं, तेही शेजारणीकडून.

दिवाळीनंतर प्रभाकररावांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही निम्मं गेलं. आता ते दाराशी वेताच्या खुर्चीत बसून होते. तलावावरून निरोप आला होता. होडी धक्क्याला पाण्यात बांधून ठेवायची असेल तर वर्षभराची जागा पुन्हा घ्या, नाहीतर महिनाअखेर उचलून न्या. त्यासाठीच मुलगा विक्रांत एम. पी. नगरातल्या ऑफिसातून अर्धी रजा काढून आला होता.

सुचेताने पिशवीतून एक टोपी काढली, मग स्टीलचा थर्मास.

"हे होडीत राहिलं होतं. चहा फार छान असायचा, वहिनी. आलं अगदी बेताचं."

मंदाकिनीबाईंचा हात थर्मासवर थांबला. सहा वर्षं त्या रविवारी पाचला उठून आलं ठेचत होत्या.

"दोन कप मावतात यात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, हेच दोन पितात."

विक्रांत खाकरला. "ताई, तुम्ही काहीतरी सांगणार होतात."

"होडी पाण्यातच राहू द्या, एवढंच." सुचेता पुढे सरकून बसली. "मी रोज जाऊन बघीन. जागेचं मी बघते. फायबरची असती तर मीच म्हटलं असतं, घरी न्या. पण ही लाकडाची आहे. वर काढली की फळ्या सुकून आक्रसतात, मग सांधे उघडतात."

"पण पाण्यात लाकूड कुजणार नाही? आपण घरातल्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवू देत नाही."

"सागवान आहे, आणि सवयीचं आहे." सुचेताने मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "लाकडालाही तहान लागते."

मंदाकिनीबाई दोरी गुंडाळत होत्या. ती हातातून सुटून पायाशी पडली.

ते वाक्य मंदाकिनीबाईंचं स्वतःचं होतं. प्रभाकरराव कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. रिटायर झाल्यावर तीन वर्षं खपून त्यांनी ही होडी केली आणि पहिल्यांदा पाण्यात सोडली, तेव्हा ती प्रत्येक सांध्यातून गळली. ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ताट समोर तसंच. मंदाकिनीबाई पोळ्या लाटत होत्या. लाटता लाटताच त्या म्हणाल्या होत्या, "काढू नका बाहेर. राहू द्या तशीच पाण्यात. बाबांच्या बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात अशीच खिळखिळी व्हायची, भोवतीची लोखंडी धाव सैल पडायची. मग चाकं दोन दिवस नदीत टाकून ठेवायचे. लाकडालाही तहान लागते." प्रभाकरराव उठले, जेवले, आणि स्कूटर काढून तलावावर गेले. चौथ्या दिवशी होडीत थेंब नव्हता.

त्या अख्ख्या होडीत तेवढीच एक गोष्ट मंदाकिनीबाईंची होती. तीही नवऱ्याने या बाईला देऊन टाकली होती. चहासारखीच.

"आई, तूच ठरव," विक्रांत म्हणाला. "बाबा तर काही बोलत नाहीत."

प्रभाकरराव बोलत नव्हते, पण बघत होते. थेट बायकोकडे. सुचेताही तिकडेच बघत होती, काहीतरी ऐकायची वाट पाहिल्यासारखी.

"कोरड्यात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "घरी आणा. पाण्यात लाकूड कुजतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला शाळेतल्या बाईची गरज नाही."

प्रभाकररावांचा डावा हात खुर्चीच्या हातावर पुढेमागे फिरत राहिला, रंधा मारल्यासारखा. सुचेताने तोंड उघडलं, विक्रांतकडे पाहिलं आणि मिटलं. मग वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी सुटलेली नव्हती.

"ठीक आहे, वहिनी," ती म्हणाली. "घर तुमचं."

"होडीपण," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

माघात होडी टेम्पोवरून आली. चार माणसांनी ती उतरवली, "अम्माजी, ज़रा हटिए," म्हणत पोर्चमध्ये विटांवर पालथी घातली. विक्रांतने ताडपत्री बांधली. पहिले काही दिवस मंदाकिनीबाई येता-जाता तिच्या पाठीवर हात आपटायच्या, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर आपटावा तसा. शेजारीण फाटकातून डोकावली तेव्हा म्हणाल्या, "आली बाई घरी. फार फिरून झालं." रविवार आता इतर वारांसारखाच उजाडू लागला. पाचला जाग यायची. त्या तशाच पडून राहायच्या.

प्रभाकरराव सकाळ-संध्याकाळ पोर्चमध्ये बसायचे. होडीकडे बघायचे नाहीत, फाटकाकडेही नाही.

चैत्रात ऊन वाढलं. दुपारनंतर पोर्चचा अर्धा भाग तापून निघायचा. वाळवणाला गच्चीवर चढायला गुडघे तयार नव्हते. मंदाकिनीबाईंनी ताडपत्री काढली, होडीच्या पाठीवर जुनं धुतलेलं धोतर पसरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. सहा किलो गव्हाच्या. पांढऱ्याशुभ्र, ओळीने.

"निदान कशाला तरी उपयोगी आली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी काही हिच्यावर बसून चहा प्यायले नव्हते."

प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले.

पहिला आवाज तिसऱ्या दुपारी आला. कट. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मंदाकिनीबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा उठल्या, पोर्चमध्ये गेल्या, गुडघा धरत खाली वाकल्या आणि पालथ्या होडीच्या आत डोकावल्या. वर, जिथे धोतराची कड संपत होती तिथे, दोन फळ्यांच्या मधून उन्हाची एक रेघ आत आली होती. दोऱ्याएवढी. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. असं ऊन त्यांनी लहानपणी चाकाच्या उघडलेल्या सांध्यांमधून पाहिलं होतं. बाबा पायाने चाक हलवून बघायचे, आणि रागवायचे ते कुणावर, तर चाक वेळेवर नदीला नेलं नाही त्या माणसावर.

त्या उठल्या आणि कुरडया उलटवल्या. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. विक्रांतने विचारलं, तर म्हणाल्या, पित्त झालंय.

दोन दिवसांनी दुपारी त्या दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. प्रभाकररावांनी खुर्ची कशीतरी होडीला भिडवली होती. तुळशीला घालायच्या पाण्याची बादली त्यांच्या डाव्या पायाशी होती. ते पंचा पाण्यात बुडवत होते, बादलीच्या काठावर दाबून एका हाताने पिळत होते आणि फळीवरून फिरवत होते. पायजमा मांडीपर्यंत भिजला होता. हात पोचत होता दोन फळ्यांपर्यंत. तिसरीला बोटं लागत होती, पंचा लागत नव्हता. ते तिसरीकडे पुन्हा पुन्हा जात होते.

मंदाकिनीबाई आत गेल्या. इतकं वाकून घसा सुकला असेल, म्हणून ग्लासभर पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरलं.

प्रभाकररावांनी ग्लास घेतला. बायकोकडे पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. मंदाकिनीबाईंनी दोन वाक्यांत तो परतवला असता. मग हात लांब करून प्रभाकररावांनी ते पाणी तिसऱ्या फळीवर ओतलं. ओघळ धोतराखाली गेला आणि कुरडयांची एक ओळ भिजली.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मंदाकिनीबाईंनी धोतराची चारही टोकं धरली, सहा किलोच्या कुरडयांचं गाठोडं बांधलं आणि आत नेऊन टेबलावर टाकलं. तांदळाची रिकामी पोती न्हाणीघरात नेऊन भिजवली. ओली पोती ओढत त्या होडीच्या पलीकडे गेल्या, जिकडे नवऱ्याचा हात कधीच पोचला नसता, आणि एकेक करून ती फळ्यांवर अंथरू लागल्या.

"तुमच्या बाजूचं तुम्ही बघा," त्या पलीकडून म्हणाल्या. "सगळं मीच करायचं का?"

संध्याकाळी विक्रांत आला तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"टेम्पो सांग उद्याचा. होडी पाण्यात जाऊ दे."

"आई, तूच तर..."

"मीच. आता मीच सांगतेय. आणि त्या बाईंना फोन कर. दोन माणसं लागतात म्हणे."

होडी पाण्यात उतरली आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात अर्ध्या तासात काठापर्यंत भरली. विक्रांत धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता.

"आई, बुडतेय!"

"बुडू दे. पिऊ दे तिला पोटभर."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा आले. विक्रांतने प्रभाकररावांना खुर्चीसकट धक्क्यावर सावलीत बसवलं आणि तो गाडी लावायला गेला. सुचेता आधीच होडीत उतरली होती; बुटांसकट पोटरीभर पाण्यात उभी राहून प्लास्टिकच्या मगाने पाणी बाहेर टाकत होती. मंदाकिनीबाईंनी पदर खोचला, थर्मास नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, घरून आणलेला देवघराशेजारचा पितळी तांब्या हातात घेतला आणि एक पाय होडीत टाकला. होडी डुचमळली. सुचेताने हात पुढे केला. त्यांनी तो न धरता काठ धरला आणि आत आल्या.

त्या होडीत त्यांचं हे पहिलंच पाऊल होतं.

दोघी पाणी उपसू लागल्या. मगाचं पाणी चपक्कन पडायचं, तांब्याचं खळखळून. बऱ्याच वेळाने तळाच्या फळ्या दिसू लागल्या. सांध्यांतून अजून पाणी येत होतं, पण आता झरा नव्हता, नुसता ओलावा होता.

"वहिनी," सुचेता वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तुमच्या बाबांच्या गाडीची चाकं दोन दिवस राहायची का हो पाण्यात? की तीन?"

तांब्या थांबला.

"कोणी सांगितलं तुम्हाला चाकांचं?"

"प्रभाकरजींनी. पहिल्याच रविवारी. मी विचारलं होतं, ही युक्ती कारखान्यातली का? तर म्हणाले, छे, आमच्या स्वयंपाकघरातली. मंदाने पोळ्या लाटता लाटता सांगितली. वर्धा नदीत टाकायचे ना चाकं?" तिने हातातला मग भरला आणि बाहेर ओतला. "कुणी नवीन माणूस होडी बघायला आला की त्यालाही सांगायचे."

मंदाकिनीबाई पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे त्या दिवशी पोर्चमध्ये ही बाई सगळं जाणून होती. विक्रांतच्या देखत एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. ती न सुटलेली नाडी बांधत बसली होती.

धक्क्यावर प्रभाकरराव तोंडाच्या एका बाजूने हसत होते, की उन्हाने डोळे बारीक झाले होते, ते इथून कळत नव्हतं.

"वर्धा नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वेणा. सांगणाऱ्याने धड सांगितलं नाही, आणि शाळेतल्या बाईने तपासलं नाही."

"वेणा," सुचेता म्हणाली.

"सरका तिकडे. तुमच्या बाजूने जास्त येतंय."

सुचेता सरकली. होडी किंचित कलली आणि पुन्हा सरळ झाली. मंदाकिनीबाईंनी तांब्या बुडवला, भरला, ओतला. चार-पाच तांबे झाल्यावर मान वर न करता त्या म्हणाल्या,

"थर्मासात दोनच कप आहेत. एक त्यांना द्या. दुसऱ्यात आपण अर्धा-अर्धा घेऊ." आणि मग, "आज आलं जास्त पडलंय. सोसेल ना?"