बातमा आपांचा आवाज

नमद्यांवरच्या, म्हणजे लोकर लाटून केलेल्या जाजमांवरच्या, नक्षीवर मी पीएचडी केली. पाच वर्षं नारीनच्या डोंगरांत बायकांच्या, सगळ्यात जास्त बातमा आपांच्या, शेजारी बसून लोकर लाटली. मग विभागात एकच जागा निघाली, आणि प्रमुख मुकाश अगाईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, ती आपल्या भाच्याला, तिलेकला, आधीच देऊन टाकली. माझी टिपणांची वही त्यांनी ‘विभागात जपून ठेवायला’ मागून घेतली होती. फलकावर तिलेकच्या व्याख्यानाचा विषय वाचला, तेव्हा ती कुठे गेली ते कळलं. विषय होता, बातमा आपांचे नमदे.

“बेगाइम, पोरी, तोंड उघडू नकोस,” अगाई म्हणाले. “पुढच्या वर्षीची जागा तुझीच समज.”

“बरं अगाई,” मी म्हटलं. आतून नुसती पेटले होते.

नेमणुकीआधी उमेदवाराने सर्वांसमोर व्याख्यान द्यायचं आणि सभागृहातल्या कुणीही प्रश्न विचारायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्या सकाळी मी गावाहून एका पाहुणीला टॅक्सीने आणलं आणि तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं. व्याख्यान संपताच उभी राहिले.

“तिलेक, बातमा आपांकडे तू स्वतः गेला होतास?”

“म्हणजे काय! तीन दिवस राहिलो. त्यांच्या हातचे गरम तळलेले बोरसोक खाल्ले.”

“बोलतात कशा रे त्या?”

“अहो, एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही! आणि आवाज काय गोड!”

मी शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. “या बातमा आपा. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. सगळं हातांनी सांगतात.”

वहीत मी, आपल्या लिहिण्याच्या रिवाजाप्रमाणे, पानोपानी ‘आपांनी सांगितले’ असंच लिहिलं होतं. बेट्याने तेवढंच पाठ केलं होतं.

आपांनी माझी बाही ओढली, हनुवटीने तिलेककडे दाखवलं आणि तळहात उलटा केला. मी मोठ्याने सांगितलं, “आपा विचारतायत, हा कोण?”

मागच्या रांगा हसू लागल्या. अगाई मान खाली घालून कागद चाळत राहिले.

नेमणूक रद्द झाली. जिन्यात अगाई म्हणाले, “पुढच्या वर्षीची जागाही घालवलीस. आता या शहरात तुला कुणी दारात उभं करणार नाही.”

ते खरं ठरलं. मी बाजारात नमदे विकते. वाईट वाटतं, रोज वाटतं. फक्त अगाई मला बघून रस्ता ओलांडतात ना, त्या दिवशी मुळीच वाटत नाही.