भाव खाल्ला, भाव गेला

मी मुलुंडच्या एका गाळ्यातला हातप्रेस बोलतोय. अंगानं हत्ती, अक्कल मात्र बेताची. जन्मभर एकच काम केलं: कुणी दांडा ओढला की डोकं आपटायचं. खाली पितळी पत्रा असला की त्याचं पट्ट्याचं बक्कल व्हायचं. एवढ्यावर मी स्वतःला कारखानदार समजायचो!

खरा कारखानदार सहदेव. गिरणीतली नोकरी सुटल्यावर या मालवणी माणसाने मला भंगारातून सोडवून आणलं. दांडा आमचा कामगार भीमराज ओढायचा, बक्कलं सहदेवची बायको रत्नप्रभा घासायची. असं बक्कल आसपास दुसरं कुणी करत नव्हतं. घाटकोपरच्या एखाद्या दुकानदाराने घासाघीस केली, की सहदेव म्हणायचा, "परवडत नसेल तर चहा पी नि जा." ऐकून माझीच छाती फुगायची.

मग अंधेरीचा एजंट चंद्रप्रकाश आला. परदेशी कंपनीच्या पट्ट्यांना बक्कलं हवी होती. बारा महिने काम!

"घाटकोपरवाल्यांना थोडा तरी माल ठेवा हो," रत्नप्रभा म्हणाली.

"आता आपण एक्स्पोर्टवाले गं!" म्हणत सहदेवने मला हार घातला. मीही असा भाव खाल्ला, की शेजारच्या ड्रिल मशीनशी बोलणंच टाकलं.

पहिला माल परत आला. काठ खरखरीत! भीमराज नि रत्नप्रभाने खपून खपून काठ लोण्यासारखे केले. ती शिस्त आम्हाला परदेशवाल्यानेच लावली, हे खोटं कशाला बोलू?

पुढे पितळ महागलं. सहदेवने भाव वाढवून मागितला. चंद्रप्रकाश हसला.

"वाढवून? ते कमी करायला सांगतायत. तैवानवाला तयारच बसलाय."

"पण पितळ..."

"पितळ तुझं रे, पट्ट्यावर नाव त्यांचं. बक्कल कुणी केलं, हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असतं?"

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

हे सहदेव बोलला! घाटकोपरवाल्यांनी तर केव्हाच दुसरा गाळा धरला होता. "वाट लागली," भीमराज पुटपुटला. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण त्यालाही कुणीतरी दांडा ओढायला हवा ना!

रत्नप्रभा मात्र पिशवीत बक्कलं घालून घाटकोपरला गेली, नि शेवंतीला घेऊन आली. शेवंती बायकांच्या पर्स बनवायची. तिने बक्कल पदरावर घासून पाहिलं. एकही धागा निघाला नाही.

"झकास! पण भाव कमी कर ना गं."

सहदेव 'बरं' म्हणायला तोंड उघडतोय, तोच रत्नप्रभा म्हणाली, "पदरात न अडकणारं दुसरं कुठून आण, मग बोलू."

शेवंती हसली, नि सांगितल्या भावाने माल घेऊन गेली.

तिचं काम वाढलं, विजेवरचा प्रेस आला, नि माझी रवानगी दाराबाहेर झाली. आता माझ्या डोक्यावर डबे ठेवतात, दांड्यावर फडकी वाळत घालतात. एक्स्पोर्टचं काम निम्मं अजून चालू आहे. चंद्रप्रकाश यायचा असला, की सहदेव माझ्यापाशी येऊन हळूच घोकतो, "नाही परवडत. नाही परवडत, साहेब."

परवा त्याने ते तोंडावर म्हटलं. चंद्रप्रकाशने बक्कल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मग म्हणाला, "विचारून बघतो." एवढंच. पण तो गेल्यावर सहदेव बाहेर आला नि बराच वेळ माझ्यावर टेकून उभा राहिला.

मुलुंडला आलात तर खुशाल माझ्यावर बसा. फक्त सहदेवला टेकायला थोडी जागा ठेवा.