कर्मचाऱ्यांची मुलं सोडून

आमच्या कंपनीला समाजाचा पुळका आला तो पाळणाघर बंद केल्यावर. आधी पाळणाघराला कुलूप, मग समाजकार्य. हा क्रम मुद्दाम सांगते, कारण साहेबांच्या भाषणात तो कधी येत नाही.

पाळणाघर म्हणजे काही महाल नव्हता. शिलाई विभागाच्या मागे एक लांबट खोली, खाली रबरी चटया, चार पाळणे, एक पिवळी घसरगुंडी आणि पोरं सांभाळणाऱ्या मावशी. मी शर्टाच्या बाह्या जोडते. माझी धाकटी जाऊ दोन मशीन सोडून पलीकडे कॉलर लावते. जेवणाच्या सुट्टीत ती धावत मागच्या खोलीत जायची, पोरीला भरवायची, तिचं तोंड पुसायची आणि भोंगा व्हायच्या आत परत मशीनवर. पोरगी म्हणजे आमची ढमी. खरं नाव दुसरं आहे, पण एवढे गाल असल्यावर खऱ्या नावाला कोण विचारतंय!

एक दिवस गेलो तर दाराला कुलूप. नमुन्याचे कपडे टांगायला जागा हवी होती म्हणे. मावशींना नारळ दिला होता. आम्ही साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, "ती सोय आम्ही आपुलकीनं केली होती. तो काही तुमचा हक्क नव्हता." आपुलकी म्हणे! कपड्यांना टांगायला खोली आणि लेकरांना वाऱ्यावर सोडायचं, ही ह्यांची आपुलकी.

आमच्या घरी माझा नवरा आणि दीर, दोघंही ट्रकवर. पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसत नाही. राहिल्या सासूबाई, त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. तरी ढमीला त्यांच्याजवळ ठेवायला लागलो, दुसरा इलाज काय? तिसऱ्याच आठवड्यात पोरीनं गरम पाण्याचं भांडं स्वतःच्या अंगावर ओढलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. जाऊ त्यांना एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. सगळ्या शिलाई विभागात तिच्याइतकी सफाईदार कॉलर कोणाची नव्हती, आणि आता सुपरवायझर रोज तिच्या डोक्यावर उभा.

"ताई, मी काम सोडते," एकदा ती मला म्हणाली.

"सोडू नकोस," मी म्हटलं. "लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे तू तुझ्या हातानं कमावलंयस."

"मग काय करू? पोरीला खुंटीला टांगू?"



अशात कंपनीत नवीन विभाग निघाला, समाजकल्याण विभाग. त्यावर एक तरुण बाई आल्या. आम्ही त्यांना कल्याणबाई म्हणायला लागलो. बाई मनानं वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. हसून बोलायच्या, आम्हाला अहो-जाहो करायच्या. म्हणूनच जास्त राग यायचा. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

कल्याणबाईंनी जाहीर केलं की कंपनी रस्त्यापलीकडच्या वस्तीत केंद्र उघडणार. कष्टकरी आयांच्या लहान मुलांना दिवसभर मोफत सांभाळणार. दूध, खाऊ, खेळणी, सगळं कंपनीकडून. आम्ही नाचायच्याच बाकी राहिलो! जाऊ त्याच दुपारी नाव नोंदवायला गेली. मीही बरोबर गेले.

"अरेरे," कल्याणबाई म्हणाल्या. "हे केंद्र कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी नाही हो."

"का?" मी विचारलं.

"कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च समाजकार्यात धरता येत नाही. समाजकार्य म्हणजे बाहेरच्या समाजासाठी."

"अहो, आम्ही त्याच वस्तीत राहतो."

"हो, पण तुम्ही आमच्या आहात ना!" असं म्हणून त्या इतक्या गोड हसल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या म्हणून पाळणाघर गेलं आणि आमच्या म्हणूनच केंद्रही नाही. परकी असते तर बरं झालं असतं. जाऊनं मला दंडाला धरून बाहेर आणलं, नाहीतर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती.

पुढच्या रविवारी फर्मान निघालं की सगळ्यांनी केंद्र रंगवायला यायचं. स्वेच्छेनं. जो स्वेच्छेनं येणार नाही त्याचं नाव सुपरवायझर लिहून घेणार होता. छातीवर कंपनीचं नाव छापलेले पांढरे बनियन आम्हाला वाटले, हातात ब्रश दिले. सुट्टी आमची, घाम आमचा, नाव कंपनीचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

मी भिंतीवर बदक रंगवत होते. मागे टेम्पो थांबला. त्यातून चार पाळणे उतरले, रबरी चटया उतरल्या, आणि शेवटी पिवळी घसरगुंडी. तिच्या कठड्यावर आमच्या ढमीनं दात येताना कुरतडलेलं अजून दिसत होतं. जाऊ ब्रश हातात धरून नुसती बघत राहिली. मग तिनं खाली वाकून फरशीवर सांडलेला रंग पुसायला घेतला आणि बराच वेळ एकच फरशी पुसत बसली. घसरगुंडीला एकानं चिठ्ठी चिकटवली, 'सप्रेम भेट'. मला वाटलं, हातातला डबा त्याच्या डोक्यावर ओतावा.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. वस्तीतल्या बायका कामाला जातात कुठे? आमच्याच कंपनीत! घरटी एक बाई तरी शिलाईला, नाहीतर इस्त्रीला, नाहीतर पॅकिंगला. मग कर्मचाऱ्यांची मुलं सोडून लहान मुलं उरली कोण? पाचजणं. त्यातलं एक आजारी, दोघं मामाकडे गेलेली. आणि उद्घाटनाला मोठे साहेब येणार, फोटोवाले येणार.

आदल्या दिवशी कल्याणबाई स्वतः आमच्या मशीनपाशी आल्या. चेहरा उतरलेला. "तुमच्यापैकी ज्यांची लहान मुलं आहेत, त्यांनी उद्या घेऊन याल का? फक्त कार्यक्रमापुरती."

 पलीकडची इस्त्रीवाली म्हणाली, "भाड्यानं आणायची का हो?" बाई लाल झाल्या.

"मी नाही आणणार," जाऊ घरी म्हणाली.

"आण," मी म्हटलं. "मोठे साहेब डोळ्यांनी बघतील, पोरं कोणाची आहेत ते विचारतील. माणूसच आहे ना तोही." मला खरंच तसं वाटलं होतं. एवढी वर्षं मशीनवर काढून मी अजून भाबडीच!

पोरांना नवे निळे झगे घातले. ढमीनं दारातूनच घसरगुंडी पाहिली आणि "माझी!" म्हणून जी किंकाळी मारली! आईचा हात सोडून धावली, वर चढली, खाली आली, पुन्हा चढली. भाजलेल्या हाताचं तिला भान नव्हतं. फोटोवाले खूश. मोठ्या साहेबांनी तिला मांडीवर घेतलं, तर तिनं त्यांचा टाय तोंडात घातला. सगळे हसले. मी पुढे झाले, "साहेब," म्हटलं, "ही इथे रोज—" तेवढ्यात टाळ्या वाजल्या, साहेब उठले, गाडीत बसले आणि गेले.

मग कल्याणबाईंच्या हाताखालची मुलगी पिशवी घेऊन आली. झगे परत हवे होते. ढमी घसरगुंडीचा कठडा सोडेना. जाऊनं एकेक बोट सोडवून तिला उचललं. पोरगी घरापर्यंत रडत होती आणि तिची आईही.

चार दिवसांत कंपनीच्या फाटकावर दारापेक्षा मोठा फलक लागला. साहेबांच्या मांडीवर आमची ढमी, तोंडात टाय. खाली लिहिलेलं, 'आमच्या केंद्रात रोज फुलणारं हसू'. जाऊ रोज त्याच्याखालून मान खाली घालून आत जायची. शुक्रवारी तिनं मला सांगितलं की सोमवारी राजीनामा देणार.  

सोमवारी सकाळी मी ढमीला अंघोळ घातली, केस विंचरले आणि काखोटीला मारलं. "तू जाऊन कॉलर लाव," जाऊला म्हटलं. "राजीनामा संध्याकाळी दे. बाकीचं माझ्याकडे." 

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. "पोर आत न्यायचं नाही."

मी वर बोट दाखवलं. "ही कोण आहे ओळखतोस का?" त्यानं फलकाकडे पाहिलं, ढमीकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत कल्याणबाई फोनवर होत्या. मी ढमीला त्यांच्या टेबलावर बसवलं, शेजारी तिची दुधाची बाटली ठेवली.

"हे काय?" त्यांनी फोन खाली ठेवला.

"हे तुमचं रोज फुलणारं हसू. दहाला दूध लागतं. दुपारी झोपते, पण मांडीवर घेऊन थोपटावं लागतं."

"अहो, असं कसं? नियम आहे..."

"नियमानं ही तुमच्या केंद्रात नाही. फोटोत आहे. दोन्हीतलं एक खोटं आहे, बाई. कुठलं ते मोठ्या साहेबांना विचारा आणि मला कळवा. तोवर पोरगी इथेच."

मी वळले. मागे ढमीनं भोकाड पसरलं, "मोठीआई! मोठीआई!" एरवी ती नुसती कण्हली तरी मी हातातलं टाकून धावते. त्या दिवशी मी जिना उतरले. थांबले नाही. मशीनवर बसले तर डोळ्यांपुढे बाही दिसेना.

जाऊला मी काही सांगितलं नव्हतं, पण वरून रडणं ऐकू येत होतं आणि आईला आपल्या पोरीचं रडणं कळत नाही होय? ती उठली. मी म्हटलं, "बस खाली." आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. ती बसली. ओठ दाताखाली धरून कॉलर लावत राहिली. मग रडणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी कल्याणबाई खाली आल्या. केस विस्कटलेले, खांद्यावर दूध सांडलेलं. ढमी त्यांच्या मानेशी तोंड खुपसून गाढ झोपली होती. एकेक करून मशीनं थांबली. शिलाई विभागात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. 

"साहेबांनी मला बैठकीला बोलावलंय," कल्याणबाई पोरगी जागी होऊ नये म्हणून अगदी हळू बोलल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हिला... हिला मी कुठे ठेवू?"

जाऊ हात पुढे करून उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"बघा बुवा," मी म्हटलं. "आम्हालाही माहीत नाही."