पाच मिनिटांचा प्राणवायू

त्या पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं, याला आता दोन वर्षं होत आली होती. उत्तर लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. पहिला खर्डा चौदा पानांचा झाला, त्यात नुसत्या तळटीपाच पाच पानं. अकरावा एका ओळीचा : 'आपला प्रश्न महत्त्वाचा आहे.' तोही त्यांना फार ठाम वाटला, म्हणून फाडला.

पत्र एका आईचं होतं. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी वर्तमानपत्रात जन्मातला एकुलता एक लेख लिहिला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू जगवतो. पण तो गरजेपेक्षा जास्त झाला, तर कोवळ्या रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढायच्या थांबतात, डोळ्यांना इजा होऊ शकते, असा. तो वाचून तिनं लिहिलं होतं :

'माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. यंत्रावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा एक्क्याण्णव दिसायचा. सिस्टर म्हणायच्या, एवढाच हवा. मला वाटायचं, शंभर का नको? सासूबाई म्हणाल्या, हवा काय त्या सिस्टरच्या बापाची आहे? एकदा सिस्टर बाहेर गेल्या आणि मी प्राणवायूचं बटण फिरवलं. पाच मिनिटं. त्या परत आल्या आणि त्यांनी बटण खाली आणलं. मुलगी आता चार वर्षांची आहे. चष्मा लागलाय. मी हे घरात कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्यामुळे झालं का?'

'हो' म्हणावं, तर बाई जन्मभर जळत राहणार. 'नाही' म्हणावं, तर पुरावा कुठाय? सरांनी हयातभर बशीतल्या पेशींना प्राणवायू दिला होता, पण चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास. पाच मिनिटं दिल्याचं त्यांच्या वाचनातही नव्हतं.

मग एका सकाळी पुस्तकांवरची धूळ झटकताना थोरल्या बहिणीच्या हाती ते पत्र लागलं. सरांनी त्याची वाचनखूण केली होती.

"हे काय रे?"

"पत्र आहे, ताई. विचार करतोय."

"दोन वर्षं? विचार करतोयस की अंडी उबवतोयस?"

"शास्त्रात घाई करून चालत नाही गं. पुरावा लागतो."

"मग ऊठ आणि घेऊन ये. पोरीचं लग्न ठरेपर्यंत थांबणारेस का?"

सर उठले. ताईपुढे न उठणारा माणूस त्या घरात जन्मला नव्हता.

प्रयोगशाळेत आता त्यांची विद्यार्थिनी प्रमुख होती. तिनं स्वतःची खुर्ची त्यांना दिली. सर संकोचून खुर्चीच्या टोकावर बसले, आणि कुणाचं नाव न घेता पत्रातली हकिगत सांगून म्हणाले, "मला पाच मिनिटांचा प्रयोग करायचाय."

"सर, पेशी ठेवायचा डबा प्राणवायूनं भरायलाच वीस मिनिटं लागतात. तुम्हीच शिकवलंत."

"डबा म्हणजे बाळ नव्हे. बाळाला लगेच पोचतो."

"कबूल. पण पेशी रुसायला किती वेळ लागायचा?"

"एक दिवस. कधी दोन."

"मग पाच मिनिटांचं आपण कधी का नाही मोजलं?"

सर चष्मा पुसू लागले.

"काही दिसेल असं कुणाला वाटलंच नाही म्हणून. तुम्हालासुद्धा. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांना चष्मा लागायला कुणी बटण फिरवावं लागत नाही, हे काय मी सांगू तुम्हाला?"

"पण शपथेवर कसं सांगणार?"

"समोरच्यानं प्रतिज्ञापत्र मागितलंय का, सर?"

सर बारावा खर्डा लिहीत होते, तेव्हा ताई समोर ठाण मांडून बसली होती.

"हे 'तथापि' कुठून उगवलं?"

"एकच आहे गं."

"खोड. जास्त झालं की वाढ थांबते, असं तूच लिहितोस ना? या पत्राचंही तेच झालंय. त्याला इतका विचार पाजलास की बिचारं वाढायचंच थांबलं."

सरांनी खोडलं. उरलं ते एवढं : 'पाच मिनिटांनी तुमच्या मुलीचे डोळे बिघडले, असं मला वाटत नाही. पेशींची वाढ थांबायला आमच्याकडे अख्खा दिवस लागायचा. शपथेवर सांगता येणार नाही. पण ती माझी मुलगी असती, तर मी शांत झोपलो असतो. अशा पुष्कळ मुलांना चष्मा लागतो. डोळे मात्र नेमानं तपासून घ्या. सिस्टरचं बरोबर होतं, हे सासूबाईंनाही सांगा. उत्तराला दोन वर्षं लागली यात तुमचा काही दोष नाही, हे मात्र शपथेवर सांगतो.'

टपालपेटीपाशी सरांनी पाकीट अर्धं आत घातलं आणि धरून ठेवलं. ताईनं मनगटावर चापट मारली. पाकीट आत पडलं.

पेटीवर लिहिलं होतं, टपाल चार वाजता निघेल. सरांनी घड्याळ पाहिलं.

"ताई, अजून पाच मिनिटं आहेत. पेटी उघडायला माणूस आला की मागून घेता येईल. एक शब्द जरा..."

"पाच मिनिटांनी काही होत नाही," असं म्हणत ताईनं त्यांच्या दंडाला धरलं आणि घराकडे ओढत नेलं.