साखर लावलेलं औषध

मास्तरांच्या घरात सात वर्षांपासून साखरेचा डबा नव्हता. शिवणकामात हयात गेलेल्या या माणसाला शुगर होती, आणि शुगरपायीच त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता. तेव्हापासून मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, साखरेशी उभा दावा मांडला होता. पाहुण्यालाही त्या घरात फिकाच चहा मिळे.

त्यात मास्तरांच्या यकृताचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दर आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. भरलेली सिरिंज मिळे, ती घरीच पोटावर टोचायची. बाहेर रांग लागलेली, त्यामुळे डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "या औषधाला साखर लावलेली असते, म्हणून ते नेमकं यकृतात शिरतं. कळलं ना?"

काकूंनी मान डोलावली. त्यांना कळलं ते एवढंच, की औषधात साखर आहे! पण एवढ्या शिकलेल्या माणसाला विचारायचं कसं? आपण आयुष्यभर काजं-बटणं करणाऱ्या, उगाच हसं व्हायचं.

मास्तरांचा जन्म सुयांत गेला, पण इंजेक्शनची सुई दिसली की भिंतीकडे तोंड फिरवून डोळे मिटून घेत. काकूंनी नुसती सुई टोचून काढली आणि औषध कापसात जिरवलं.

"अगं, काही कळलंसुद्धा नाही! हात हलका आहे तुझा," मास्तर म्हणाले.

पाच आठवडे असंच चाललं. साखरेपासून नवऱ्याला वाचवतोय, असं काकू दर वेळी मनाला बजावत. पण मास्तरांच्या डोळ्यांत आता पिवळेपणा दिसू लागला होता.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "औषध लागू पडत नाहीये. बदलावं लागेल. दुसरं जालीम आहे, ते सगळ्या अंगात भिनतं. किडन्या कितपत सोसतील, सांगता येत नाही."

मास्तर तपासणीसाठी रक्त द्यायला गेले, तशा काकू बाहेरच्या बाकावर डोक्याला हात लावून बसल्या.

"काकू, बरं वाटत नाही का?" सिस्टरने विचारलं.

"सिस्टर, औषध लागू पडेलच कसं? मी दिलंच नाही हो! साखर होती ना त्यात!"

सिस्टरने हातातली फाइल बाजूला ठेवली. मग शेजारी बसली आणि आपल्या कोटाचं बटण दाखवत म्हणाली, "हे बटण कुठल्याही काजात बसेल?"

"छे! मापाचंच काज हवं."

"यकृताच्या पेशींवर काही प्रथिनं असतात, ती समजा काजं. ठरावीक साखर आली की ती बरोबर पकडतात. औषधाला लावलेली साखर म्हणजे बटण. म्हणून औषध इकडेतिकडे न भटकता यकृतात जातं."

"आणि यांची शुगर?"

"ती वाढावी एवढी साखर त्यात नसतेच मुळी. पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?"

"डॉक्टर हसले असते."

"हसले असते तर हसले असते! त्यासाठी नवऱ्याचा जीव टांगणीला लावायचा?"

काकूंना रडू आवरेना. सिस्टरने त्यांना तशाच डॉक्टरांसमोर नेलं. सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी 'कळलं ना' म्हणालो. काय कळलं, ते विचारलं नाही. चूक माझीही आहे. आधीचंच औषध चालू ठेवू."

घरी आल्यावर काकूंनी मास्तरांना सारं सांगितलं. आता हे चिडणार, या भीतीने काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"घाबरून मी तोंड फिरवायचो, म्हणून तर हे चाललं," मास्तर म्हणाले. "टोच. आज मी बघणार."

सुई आत गेली. या वेळी औषधही गेलं.

"आई गं! दुखतं की!"

गेलेले पाच आठवडे यकृत भरून देईल का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काकूंची भीती गेली नाही, पण आता ती दोघांत वाटली गेली होती.

वाचकहो, दवाखान्यात आपण सगळेच मान डोलावतो. पुढच्या वेळी डोलावण्याआधी विचारा. हसं झालं तर होऊ द्या. हशाने कोणाचं यकृत बिघडत नाही!