शेणाचा मालक

तानाबाईला गोबरगॅस पायजे हुता. चुलीच्या धुरानं तिचं डोळं बारमाही लाल. नव्या माणसाला वाटायचं, बाई आत्ताच रडून आलीया. त्यात त्या साली बायकांच्या नावावर कर्ज द्यायची टूम निघाली. तानाबाई नवं लुगडं नेसून, नवऱ्याला, गणपतरावाला, संगं घिऊन शाहूपुरीतल्या बँकेत गेली.

सायबानं इचारलं, जागा कुणाची? ह्यांची. म्हशी? ह्यांच्याच. सायब पेन चावत बसला. मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"मग शेण कोणाचं?"

लगीन झाल्यापास्नं तानाबाई शेण काढत हुती, पर ते कुणाचं असतंय ह्यो इचार तिच्या मनात कवा आलाच न्हवता. म्हशीच्याबी आला नसंल. सायबानं निकाल दिला, म्हैस यांची, तेव्हा शेणही यांचंच. मालकाची संमती लागेल.

गणपतराव खुर्चीत ताठ झाला. आजवर शेणाचा त्याला वास तेवढा यायचा, आता मालकी आली. मिशीवरनं हात फिरवून त्यानं सही ठोकली. कर्ज मातूर तानाबाईच्या नावावर. त्या कर्जाचा मालक कोण, हे कुणी इचारलं न्हाय.

खड्डा झाला, वर लोखंडी टोपी बसली, निळा जाळ आला. पर शेगडी बसली सैपाकघर सोडून बाहीर सोप्यात. गणपतरावाचं म्हणणं सरळ हुतं. हप्ता माझ्या म्हशीच्या दुधातनं जातोय, म्हंजे शेगडी माझी. सोताच्या कमाईनं हप्ता भर, मग खुशाल आत ने.

मग काय, गणपतराव आणि शेजारचा केरबा दिवसभर सोप्यात च्या उकळत बसायचे. आत तानाबाई चुलीफुडं फुंकणी घिऊन. घरात गॅस आलाय हे तिला त्यांच्या हसण्यावरनं कळायचं.

एक दिवस ती गोठ्यात गेलीच न्हाय. गणपतरावानं इचारलं, शेण तसंच का?

"तुमचं हाय न्हवं? काढा की."

चार दिसांत गोठ्यात डोंगर झाला आणि सोप्यातला जाळ इझला. शेवटी मालक पाटी घिऊन आत शिरला आणि सोताच्याच मालमत्तेवरनं घसरून उताणा पडला. म्हस रवंथ करत बघत हुती. धोतर कुणी धुवायचं ह्यावर आणखी कालवा नको म्हणून त्यानं केरबाच्या बायकूला, विठाबाईला, मजुरीवर शेण काढाय लावलं. पैसं महिन्याला एकदम. आता केरबाचा गोठा कोण काढणार? तिथं तेवढ्याच मजुरीवर तानाबाई लागली. दोघींनी पाणवठ्यावरच हे ठरवलं हुतं, पर ते गड्यांना कशाला कळतंय.

महिनाभर दोघी एकमेकींच्या गोठ्यात राबल्या. तानाबाईनं सैपाकघरात शेगडीची जागा सारवून ठेवली, रिकाम्या कट्ट्याला हळदीकुकूबी लावलं.

महिना भरला तशी ती गोठ्यातनं तडक केरबाकडं पैसं मागाय गेली. केरबा घरात न्हवता. त्यो तिच्याच सोप्यात च्या पीत बसलेला. शेजारी बँकेचा सायब. बाईचं कर्ज कसं चाललंय ते बघाय आलावता.

"कसलं पैसं, वयनी?" केरबा म्हणाला. "तुमचा धनी माझ्या बायकूचं देणं लागतोय, मी त्याच्या बायकूचं. आमी दोघांनी वळतं करून टाकलं की."

"कुणाचं कुणाला द्यायचं ऱ्हायलं न्हाय," गणपतराव म्हणाला. हिशोब इतका सोपा निघाला ह्याचं दोघांनाबी लई कौतुक वाटत हुतं. सायबालाबी वाटलं. बँकेत आम्हीही असंच करतो म्हणाला, आणि आणखी अर्धा कप मागितला.

तानाबाई दारातच हुबी. हातापायाला केरबाच्या म्हशीचं शेण. सायबानं तिच्या लाल डोळ्यांकडं बघितलं, मग निळ्या जाळाकडं बघितलं, आणि मान हलवली.

"बाईंना गहिवरून आलंय," तो म्हणाला.

शेगडी आत येणार म्हणून त्या दिशी सकाळपास्नं तिनं चूल पेटवलीच न्हवती.